उलटं वाढलेलं ताट

आधीच सांगून ठेवतो, मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. रीडिंग दिसलं तर मानतो, नाहीतर नाही. कुणी भुताखेतांचं सुरू केलं की मी उठून चहा टाकायला जातो. तरी हे लिहितोय... कारण विचार करकरून डोकं उठलंय.

आई गेल्यावर बाबांना नाशिकहून इकडे कुवेतमध्ये, मंगफला आणलं. आम्हीही इथे नवेच. बाबा जेवेनात. दोन घास खायचे, हात धुवायचे. "भूक नाही" एवढंच उत्तर. शर्ट अंगावर लोंबायला लागले, माझी बायको मुग्धा रडकुंडीला आली. त्यांना घेऊन मी कुवेतभर हॉटेलं पालथी घातली. बाहेर 'घरगुती' पाटी आणि आत तीच लाल पंजाबी ग्रेव्ही! माणसानं वैतागावं तरी किती?

एका शनिवारी दुपारी शुवैख भागातल्या गॅरेजमध्ये गाडीचा एसी दुरुस्तीला टाकला. दोन तास लागणार होते. मागच्या गल्लीत रत्नागिरीच्या कादरभाईंची खानावळ सापडली. भिंतीकडे तोंड करून बाकं, आम्ही शेजारी-शेजारी बसलो. तांदळाची भाकरी, वांग्याची भाजी, कुळथाचं पिठलं, ओल्या खोबऱ्याची चटणी. मुग्धाला पाठवायला मी दोन्ही ताटांचा फोटो काढला. मग लक्षात आलं – बाबांचं ताट उलटं वाढलंय. मीठ-चटणी उजवीकडे, भाजी-पिठलं डावीकडे. एवढंही जमत नाही का, असं पुटपुटत मी वाट्या बदलायला गेलो.

बाबांनी माझं मनगट धरलं. "राहू दे. तुझी आई मला असंच वाढायची. मी डावखुरा ना."

आणि ते जेवले. तीन भाकऱ्या!

ते डावखुरे हे मला ठाऊक होतं, ताटाचं नव्हतं. घरी मी कायम त्यांच्या समोर बसायचो, तिथून ते मला सरळच दिसायचं. मुग्धा बिचारी दोन महिने रीतसर वाढत होती आणि हे गप्प.

पण कादरभाईंना कसं कळलं? बाबांनी तोवर पाण्याच्या ग्लासलाही हात लावला नव्हता. विचारलं तर तेच चिडले. "मी एकटाच वाढतो, साहेब, सगल्यांना सारखाच. उलटा कशाला वाढीन?" फोटो दाखवला. बोटांनी मोठा करून बघत म्हणाले, "ह्या ताट माजा नाय."

नंतर चार वेळा बाबांना तिथे नेलं. चारही वेळा ताट सरळ. ऑफिसातला मित्र म्हणतो, फोन फोटो उलटा करतो. अरे, मग त्याच फोटोत माझं ताट सरळ कसं?

बाबांना विचारलं की म्हणतात, "उत्तर काय करायचंय तुला? जेव."

उत्तर आजही नाही. बाबांचं ताट आता मीच वाढतो, उलटं, आणि ते पोटभर जेवतात. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा... लहानपणापासून रोज समोर बसलो आणि आई काय करत होती ते मला कधी दिसलंच नाही.