उभ्या बाई

शुक्रवार, ११ जुलै. प्राचार्यांचं दालन. हजर, बसलेले: प्राचार्य, संगणक विभागाचे सर, कार्यालय अधीक्षक, कंपनीचे प्रतिनिधी आणि समितीची सचिव म्हणून मी. हजर, उभ्या: भूगोलाच्या बाई.

कार्यवृत्तात मी हे असंच लिहिलं होतं. प्राचार्यांनी 'उभ्या' हा शब्द खोडला आणि असली माहिती कागदावर लागत नाही, असं मला समजावलं. पण ती खरी होती. बाई नोकरीभर कुठल्याच बैठकीत बसल्या नाहीत. काखेत पर्स धरून खिडकीपाशी उभ्या राहायच्या. कुणी खुर्ची पुढे केली की म्हणायच्या, "बसलं की माणूस हो म्हणतं." मुरबाडच्या आमच्या कॉलेजात त्यांना उभ्या बाई हेच नाव पडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. शहापूरहून येणारी एसटी चुकली की त्यांचाच फोन यायचा, की उभ्या बाई आज स्टँडवर उभ्या आहेत, पहिला तास कुणीतरी घ्या.

मुलांना बाई त्यांच्या-त्यांच्या गावाच्या नावाने हाक मारायच्या. "ए टोकावडे, खिडकी लाव." "वैशाखरे, नकाशा उलटा धरलायस गो." नवीन मुलं आधी बावरायची, मग दिवाळीपर्यंत तीच एकमेकांना गावाच्या नावाने हाका मारू लागायची. बाईंना स्वतःला गाव नव्हतं. वडील भातसा धरणावर नोकरीला, बालपण भातसानगरच्या वसाहतीत. "आमचं गाव म्हणजे क्वार्टर," त्या सांगायच्या, "रिटायर झालं की चावी परत. म्हणून दुसऱ्यांची गावं मी पाठ केली." कुठल्या गावाला कुठल्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून पुढे किती चालायचं, हे त्या विचारून घ्यायच्या. उशिरा आलेल्या मुलाला ओरडायचं की नाही, ते त्यावरून ठरायचं.

त्या जुलैत आम्ही सॉफ्टवेअर निवडत होतो. शिष्यवृत्तीचे अर्ज शासनाकडे जाण्याआधी कॉलेजने तपासायचे असतात. ते काम फायलींच्या गठ्ठ्यांत चालायचं आणि दरवर्षी कुणाचा ना कुणाचा दाखला हरवायचा. शिवाय आता प्रत्येक मुलाचा पोर्टफोलिओ हवा होता. म्हणजे त्याचे गुण, प्रमाणपत्रं, फोटो, केलेली कामं असं सगळं एका पानावर, नोकरी देणाऱ्याला उघडून बघता येईल असं. तीन कंपन्या येऊन दाखवून गेल्या. तुलनेचा तक्ता अर्थातच मी केला. किंमत, मराठी, मोबाइलवर चालणं, नेट गेल्यावर काय होतं, असे रकाने होते. सगळ्यात जास्त गुण मी एका रकान्याला ठेवले होते: शिष्यवृत्ती आणि पोर्टफोलिओ यांची माहिती आपोआप ताडून पाहणे. म्हणजे हाताने तपासायला नको. मला आजही ते वाक्य सुबक वाटतं.

बाईंना तक्त्यात रस नव्हता. कंपनीच्या माणसाने पडद्यावर एका गोऱ्यापान, हसऱ्या मुलाचं पान उघडलं तेव्हा त्यांनी विचारलं, हा कुठला? तो म्हणाला, सॅम्पल आहे मॅडम. "सॅम्पलला आईबाप नसतात," बाई म्हणाल्या. "आमचं पोर घालून दाखवा, मग कळेल." मग त्यांनी पोर्टफोलिओचं आणि शिष्यवृत्तीचं अशी दोन्ही पानं उघडायला लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे एका पानावर ऐट दाखवायची आणि दुसऱ्या पानावर गरिबी. एकच पोर दोन्हीकडे कसं उभं राहील?" आम्ही हसलो. अधीक्षक म्हणाले, बाई, पोरांचं राहू द्या, तुम्ही आधी बसा. त्याही हसल्या. शेवटी बाईंनी मत तिसऱ्या कंपनीला दिलं, कारण तिच्यात फोटो मोठे दिसत होते. माझ्या तक्त्यातही तीच पहिली आली होती. ठराव एकमताने झाला.

आमचं पोर घालायचं म्हटल्यावर बाईंनी सुगंधाला निवडलं नसतं तरच नवल. वैशाखऱ्याची ही मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. वडिलांची भाताची शेती, घरात कॉलेजात आलेली ती पहिलीच. तिने गावच्या झऱ्यांचा नकाशा हाताने काढला होता आणि बाई तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. पोर्टफोलिओ भरायला बाई स्वतः तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. नकाशा झाला, कबड्डीचं पदक झालं. मग मोबाइलमध्ये एक फोटो निघाला. पावसाळ्यात शनिवार-रविवार ती घाटाच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात वाढायचं काम करायची. त्या हॉटेलाचा एप्रन घातलेली, हातात ट्रे. बाई खूश झाल्या. "कामाची कसली लाज गो? टाक." सुगंधा काही बोलली नाही. बाईंनी ते हो समजलं, आणि हॉटेलातली नोंद 'अनुभव' या सदरात गेली.

ऑगस्टमध्ये पालक मेळावा झाला. आमच्याकडे या मेळाव्याला गावंच्या गावं जीप करून येतात. सभागृहात मोठा पडदा लावला होता आणि लॅपटॉपवर मी होते. बाईंनी अभिमानाने माइक घेऊन सांगितलं, आता आमची वैशाखरे बघा. नकाशाला टाळ्या पडल्या. पुढचा फोटो आला तो भिंतभर. पुरुषांच्या रांगेत सुगंधाचे वडील बसले होते. घरी तिने शनिवार-रविवार कॉलेजचं शिबिर असतं असं सांगितलं होतं, हे आम्हाला त्या क्षणी कळलं, कारण मागून कुणीतरी म्हणालं, "शिबिर भारी हाय की रे." चार-पाच जण हसले. वडील उठले, मुलींच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि "चल गो" एवढंच बोलले. ती गेली. मी फोटो बंद करायला हवा होता. मला बटण सापडेना आणि ती दोघं दाराबाहेर पडेपर्यंत तो भिंतीवरच होता.

त्यानंतर त्या सुबक रकान्याने आपलं काम केलं. पोर्टफोलिओत नोकरी, शिष्यवृत्तीच्या अर्जात स्वतःचं उत्पन्न नाही. सॉफ्टवेअरने दोन्ही ताडून पाहिलं, अर्ज अडवला आणि वडिलांच्या मोबाइलवर संदेश पाठवला. उत्पन्नाची माहिती लपवल्याचे दिसते, मुदतीत खुलासा करावा, अन्यथा अर्ज पुढे जाणार नाही. खाली सही म्हणून समितीच्या सचिवांचं नाव, म्हणजे माझं. मला पत्ताही नव्हता. सुगंधा वर्गात येईनाशी झाली, तेव्हा तिच्या मैत्रिणीने बाईंना तो संदेश दाखवला.

बाई मला म्हणाल्या, चल. आम्ही स्टँडवरून जीप धरली. वैशाखऱ्याला सुगंधाच्या घरच्यांनी ओटीवर चटई टाकली आणि बाई बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणापुढे बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी माझी ओळख "ह्या आमच्या मॅडम" एवढीच करून दिली. चहा आला. बाई म्हणाल्या, "दादा, फोटो मी टाकायला लावला. तिला विचारलं नाही, तुम्हाला विचारलं नाही. माझं चुकलं."

सुगंधाचे वडील हळू बोलणारे. "पोर काम करतं त्याची लाज नाय, बाई. आमी पन राबतोच की. पन आमाला ठाव नाय आन सगळ्या सभेला ठाव, ही कुठली रीत? तिला मी काय ते बोललो. तुमाला काय बोलनार?" मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि संदेश उघडून आमच्यासमोर धरला. पोरीने लबाडी केली असं लेखी आलं, तर तिला परत कुठल्या तोंडाने पाठवू, असं त्यांचं म्हणणं होतं. अंगठ्याने ते शेवटच्या ओळीपर्यंत आले. "ह्या मॅडम कोन?"

माझ्या हातात कप होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. घाई केली नाही, डोळे वटारले नाहीत, नुसतं थांबल्या. मी चहाकडे बघत राहिले. आत चुलीपाशी सुगंधा होती. तिला माझं नाव पाठ होतं आणि तीही बोलली नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "कॉलेजचंच आहे ते, दादा. मीच समजा."

"तुमी नाय," ते म्हणाले. "तुमचं नाव आमाला म्हाईत हाय."

परतीच्या जीपमध्ये बाई रस्त्याकडेची भातं बघत आल्या, यंदा वाढ चांगली आहे म्हणाल्या. मी त्यांच्या रागावण्याची वाट बघत होते. मुरबाडला उतरल्यावर, शहापूरची गाडी लागायच्या आधी, त्यांनी मला कामं सांगितली, मला सवय आहे तशीच, एकामागून एक. "अर्ज मोकळा कर. फोटो काढ. मग जाऊन सांग. मेसेज नको पाठवू, जाऊन सांग. मी जाऊन आले असते गं, पण ते तुझं आहे."

पहिली दोन कामं मी लगेच केली. समितीचा ठराव घेतला, अर्ज पुढे गेला, फोटो निघाला, आपोआप ताडून पाहण्याची सोय बंद केली. त्या बैठकीचं कार्यवृत्त मीच लिहिलं. विद्यार्थिनीचा फोटो भूगोल विभागाच्या सूचनेवरून घेण्यात आला होता, असं त्यात आहे. ते खरंच आहे. बाईंनी ते वाचलं आणि खिडकीपाशी उभ्या राहूनच सही केली.

ऑक्टोबरअखेर त्या निवृत्त झाल्या. सगळ्यांनी मिळून त्यांना आरामखुर्ची दिली, प्राचार्यांचीच कल्पना. बाई खूप हसल्या. "यात बसून आता कुणाला हो म्हणू?" खुर्ची टेम्पोत घालून शहापूरला गेली. भाषणात त्यांनी आम्हा प्रत्येकाला गावाच्या नावाने हाक मारून काहीतरी गमतीचं सांगितलं. माझ्याबद्दल म्हणाल्या, ही सांगितलेलं काम विसरत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांचे फोन यायचे. "वैशाखरे आली का वर्गात?" मी सांगायची, अजून नाही, या आठवड्यात जाते. एकदा परीक्षेची कामं होती, एकदा पाहुणे होते, एकदा खरंच ताप होता. मध्यंतरी सॉफ्टवेअरने आपणहून वडिलांना संदेश पाठवला, की आपला अर्ज पुढे पाठवण्यात आला आहे. त्याच्याही खाली माझं नाव. उत्तर आलं नाही. गेल्या रविवारी बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, तांदूळ हवेत का विचारलं, आणि फोन ठेवला. सुगंधाचं नाव काढलं नाही.

सुगंधाने परीक्षेचा अर्ज भरलेला नाही. मुदत या महिनाअखेर संपते; ती गेली की तिचं वर्ष गेलं, आणि वर्ष गेल्यावर वैशाखऱ्याची मुलगी सहसा परत येत नाही. कॉलेजच्या फाटकातून मला घाटाकडे जाणाऱ्या जीप दिसतात. आज सकाळी नेहमीप्रमाणे यादी केली. गॅस बुक करणे, अंतर्गत गुण भरणे, अधीक्षकांना पत्र देणे. दुपारपर्यंत या सगळ्यांवर खूण झाली. एक राहिलं आहे: वैशाखऱ्याला जाऊन सुगंधाच्या वडिलांना माझं नाव सांगणे.