चेल्म्सफर्डचा सेट आणि माझा लाल टॅग

पावडर कोटिंगच्या भट्टीचं दार उघडलं आणि आत तो वायरलेस सेट दिसला. हिरवागार. आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या डब्यांना जो पोपटी रंग देतो, तोच.

"साहेब, बघा, फिनिश जुओ," जयंतीभाई कौतुकानं म्हणाले. ते आमच्या पेंट शॉपचे सुपरवायझर. वीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही डबा परत आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्लंडहून ऑडिटर यायची होती. तिला दाखवायला अख्ख्या कारखान्यात जुनं म्हणावं असं हे एकच खोकं होतं, आणि ते आता कालच्या मालासारखं चकचकत होतं.

थोडं मागं जातो. बडोद्याजवळच्या मकरपुऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या कंपनीत मी क्वालिटीचा हेड होतो. आम्ही रेडिओ ट्रान्समीटरला लागणारे ट्रान्सफॉर्मर बनवायचो. एक्स्पोर्टची ऑर्डर येऊ घातली होती, पण त्याआधी ग्राहकाची ऑडिटर येऊन कारखाना तपासणार, पास केला तरच ऑर्डर. वाइंडिंग सेक्शनमध्ये, म्हणजे जिथे तांब्याची तार गुंडाळून कॉइल बनवतात तिथे, बारा बायका कॉन्ट्रॅक्टवर होत्या. ऑर्डर आली तर त्या कायम होणार, नाही आली तर सेक्शन बंद. त्यांच्या प्रमुख सुलभाताई मोहिते रोज सकाळी पंच करताना मला विचारायच्या, "साहेब, थशे ने आपलं?" मी म्हणायचो, थशे, होईल. दुसरं काय म्हणणार?

ऑडिटर चेल्म्सफर्ड नावाच्या गावची आहे हे आमच्या एमडींना, हितेनभाईंना, कळलं आणि तिथून सगळं बिघडलं. त्यांनी इंटरनेटवर ते गाव शोधलं. आधी रोमन लोकांचं ठाणं, मग बाजाराचं गाव, मग रेशमाची गिरणी. त्या रिकाम्या गिरणीत एका इटालियन संशोधकानं वायरलेसचा कारखाना काढला, जगातला पहिला म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्याच उंच मनोऱ्यावरून एका नामांकित गायिकेचं गाणं प्रक्षेपित झालं आणि ते पार युरोपभर ऐकू गेलं. गाव स्वतःला रेडिओची जन्मभूमी म्हणवतं.

"प्रधानभाई, आ तो आपलं भाग्य छे," हितेनभाई म्हणाले. "बडोद्यात पण संस्थानचं रेडिओ स्टेशन होतं. दोन गावांचं जुनं सगपण निघालं. बनवा पीपीटी."

"साहेब, ती आपले रेकॉर्ड बघायला येतेय."

"रेकॉर्ड तो सगळेच राखे. सगपण कोण राखे छे?"

मी चाळीस स्लाइडची पीपीटी बनवली. स्टोअरच्या माळ्यावर हितेनभाईंच्या वडिलांनी कुठल्याशा लिलावात घेतलेला एक लोखंडी वायरलेस सेट पडला होता. धूळ पुसली तर पितळेची पाटी निघाली, वर चेल्म्सफर्ड कोरलेलं आणि खाली नंबर. हितेनभाईंचे डोळेच भरून आले. सेट खाली आणून शॉप फ्लोअरवर ठेवला. कुणी पुसायला-घासायला जाऊ नये म्हणून मी त्याच्यावर लाल टॅग लावला.

इथे माझी अक्कल सांगतो. आमच्याकडे लाल टॅग म्हणजे 'माल सदोष, रीवर्कला पाठवा'. म्हणजे जुना रंग उडवून पुन्हा रंगवा. ही प्रोसीजर मीच लिहिलेली. चार भाषांत छापून भिंतीवर लावलेली. तीन वर्षं मी लोकांना झापत होतो की टॅग दिसला की प्रश्न विचारायचा नाही, काम करायचं. जयंतीभाईंनी प्रश्न विचारला नाही. बटणं काढून डबीत ठेवली, सेट शॉट ब्लास्टिंगला घातला, म्हणजे हवेच्या दाबानं बारीक लोखंडी दाणे मारून पत्रा स्वच्छ केला, वर रंगाची पावडर मारली आणि भट्टीत भाजला. आतल्या जुन्या कॉइलवरचं मेण वितळून खालच्या ट्रेमध्ये जमलं होतं. पाटी ब्लास्टिंगमध्ये कोरी झाली होती. तिच्यावरचा नंबर मी, क्वालिटीचा हेड, कुठेही टिपून ठेवला नव्हता.

राग आला. जयंतीभाईंवर काढायला गेलो आणि भिंतीवरच्या प्रोसीजरखाली माझीच सही दिसली.

हितेनभाई मात्र शांत. "पाटी पितळच ने? लहरीपुऱ्यात तासाभरात थई जशे."

"साहेब, ही खोटी पाटी होईल."

"नवी. खोटी शुं काम? बारा बायकांचं बघा, प्रधानभाई."

आणि मी स्कूटरवर बसून गेलो. कुणी ढकललं नव्हतं. जुन्या शहरात, लहरीपुऱ्याच्या दरवाज्याजवळ ट्रॉफ्या नि पाट्या कोरणारा एक ओळखीचा आहे. तो म्हणाला, "कुणाचं उद्घाटन?" मी म्हटलं, कुणाचं नाही, कोर. "नंबर काय टाकू?" मी हितेनभाईंना फोन लावला. त्यांनी आपल्या गाडीचा नंबर दिला, लकी आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी ऑडिटर मिसेस वॉकर वेळेवर आल्या. साठीच्या, सपाट बूट घातलेल्या, हातात वही. हितेनभाईंनी त्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवून त्यांच्याच गावचा इतिहास पाऊण तास सांगितला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "मला यातलं निम्मंसुद्धा माहीत नव्हतं. आमच्याकडे त्या कारखान्याच्या जागी आता फ्लॅट आहेत. आता रेकॉर्ड दाखवता?"

ऑडिटर कसा काम करतो ते सांगतो. तुम्ही काढून ठेवलेलं तो बघत नाही. फ्लोअरवर चालता चालता कुठल्याही वस्तूवर बोट ठेवतो आणि म्हणतो, हिचे कागद आणा. कुठून आली, कुणी काय केलं, कुणी तपासलं. कागद जुळले तर पास.

बाई चालता चालता हिरव्या सेटपाशी थांबल्या. पाटीवर बोट ठेवलं. "याचे कागद."

"मॅडम, इट इज डिस्प्ले पीस," हितेनभाई म्हणाले.

"फ्लोअरवर आहे, सीरियल नंबर आहे. म्हणजे कागद असतील."

मी काही बोलायच्या आत जयंतीभाई रजिस्टर घेऊन हजर. त्यांच्या रजिस्टरमध्ये सगळं असतं. हितेनभाईंनी हातानं खूण केली, ती गप्प बसा अशी होती. जयंतीभाईंना वाटलं, मोठ्यानं वाचा. त्यांनी गुजरातीत खणखणीत वाचायला सुरुवात केली. बाई माझ्याकडे वळल्या. "भाषांतर करता?"

त्या क्षणी मी काहीही सांगू शकलो असतो. बाईंना गुजराती येत नव्हतं. काचेपलीकडे सुलभाताई मशीन थांबवून बघत होत्या. मला मनातून फार वाटलं, 'फक्त पुसून रंग दिला' म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण जयंतीभाई समोर उभे होते. इंग्रजी न येणारा तो माणूस एक ओळ वाचायचा, थांबायचा, माझी ओळ पूर्ण होऊ द्यायचा आणि मगच पुढची वाचायचा. इतक्या विश्वासानं वाचत होता की खोटं बोलायची सोयच राहिली नाही. मी जसंच्या तसं सांगितलं. लाल टॅग, क्वालिटी हेडच्या सहीचा. ब्लास्टिंग. भट्टी, वीस मिनिटं. मेण गळलं, ट्रेमध्ये मिळालं. पाटी कोरी झाली, क्वालिटीकडे जमा.

"मग ही पाटी?"

"काल केली. बाजारातून. मीच आणली."

हितेनभाई खुर्चीवर बसले. बाईंनी वहीत बराच वेळ लिहिलं. मग विचारलं, "आणि नंबर?"

"साहेबांच्या गाडीचा."

बाई हसल्या नाहीत. मला वाटतं, त्यांना हसायचं होतं.

सुलभाताईंना मी जेवणाच्या सुट्टीत स्वतः जाऊन सांगितलं की बहुतेक गेलं, आणि माझ्यामुळे गेलं. त्यांनी डबा बंद केला. "खोटी पाटी लावायची गरज काय होती साहेब? आमचं काम चांगलं नाही का?"

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. वाइंडिंग: पास, एकही शेरा नाही. पेंट शॉप: पास, रीवर्कच्या नोंदी आदर्श, इतरांनी बघून शिकाव्यात. क्वालिटी: गंभीर त्रुटी. वस्तूला खोटी ओळख दिली. एक्स्पोर्टच्या मालाची पाटी आणि टॅग यांचा अधिकार सध्याच्या क्वालिटी हेडकडे राहू नये, या अटीवर कंपनी मंजूर.

हितेनभाईंनी तो अधिकार जयंतीभाईंना दिला. ऑर्डर आली, बारा जणी कायम झाल्या. मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक पाटीसाठी पेंट शॉपमध्ये जाऊन, ओळीत उभा राहून, जयंतीभाईंचा शिक्का घेत होतो. ते दरवेळी खुर्ची द्यायचे, आणि दरवेळी कागद पूर्ण वाचायचे.

कारखाना चालवणाऱ्यांना एकच सांगणं आहे. तपासायला आलेल्या माणसाला त्याच्या गावचा इतिहास सांगत बसू नका. आपल्याकडे काल काय झालं तेवढं सांगा. तो तेवढंच ऐकायला आलेला असतो.