दादांनी डेअरीवर सांगितलं

आज डेअरीवर दूध घालताना धारोष्ण दुधाच्या वासानं दादांची, माझ्या वडिलांची, एक सकाळ आठवली. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून ते नुकतेच नाशिकहून संगमनेरजवळच्या आमच्या गावी आले होते. लघवीची पिशवी धोतराखाली बांधलेली होती. कुणी विचारलंच तर मुतखडा सांगायचं, असं घरात ठरलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हळूहळू डेअरीवर आले.

दादांहून वयानं बरेच लहान असलेल्या शेजारच्या नानांनी विचारलं, "काय झालं हुतं, दादा?"

मी बोलायच्या आत दादाच म्हणाले, "कॅन्सर. लघवी तुंबायची. लाजंपायी लई दिस कुनाला बोललो न्हाई. तुमाला कुनाला तरास आसंल तर दाखवून घ्या."

मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. नाना मात्र दादांना बाजूला घेऊन म्हणाले, "मलाबी तसंच व्हतंय."

नानांनाही तोच आजार निघाला, पण वेळेत. दादाही पुढं बरीच वर्षं आम्हाला लाभले. आता त्यांच्या वयाचा झाल्यावर कळतं, चारचौघांत तसं बोलायला केवढी छाती लागते.

परवा नानांच्या नातीचं लग्न होतं. पंगतीला माझ्या शेजारी बसलेले नाना म्हणाले, "तुज्या बापामुळं जेवतोय रं हितं."