क्लाइव्ह गॅरडची वाट अडली

क्लाइव्ह गॅरड बोलायला लागला की समुद्रसुद्धा दोन पावलं मागे सरतो, असं मार्लनेसमध्ये म्हणतात. तेव्हा ओहोटी असते ही गोष्ट वेगळी. पण क्लाइव्हला हे कुणी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. सत्तरी उलटलेला हा नावाडी गुडघ्यांनी लंगडतो, जिभेने मात्र धावतो.

आमच्या खाडीला दोन काठ. अलीकडे मार्लनेस, पलीकडे ओल्डवेल. मधे होडीने जेमतेम एक चहा पिऊन होईल एवढं पाणी आणि दोन्ही गावांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्यांचा समुद्र. मे महिन्याच्या पहिल्या सकाळी चर्चची घंटा झाली की दोन्ही काठांवरून एकेक होडी सुटते. जिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, समोरच्या काठाच्या गोट्यांना आधी लागेल, त्या गावाकडे वर्षभर फेरीचा मान. उतारूंना पलीकडे नेणार त्या गावाचाच नावाडी, मासेमारांच्या गप्पा ऐकणार तोच, उन्हाळ्यात पाहुण्यांना खोटंनाटं सांगणारही तोच. हा मान गेली कित्येक वर्षं क्लाइव्हकडे होता आणि तो गेला तर आपण सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न त्याने कधी मनातसुद्धा आणला नव्हता.

पलीकडची ब्रेन्डा थर्लो त्याची जुनी स्पर्धक. बाई दणकट, आवाज भोंग्यासारखा. गेल्या वर्षी ती पुढे होती. तेव्हा क्लाइव्ह ओरडला, "ब्रेन्डा, अगं होडीत पाणी शिरतंय तुझ्या!" ब्रेन्डा खाली वाकून बघते तोवर हा पलीकडे पोचला. हिवाळाभर ओल्डवेलच्या पबमध्ये क्लाइव्हचं नाव निघालं की लोक खिडकी उघडून थुंकायचे.

यंदा ते बदला घेणार हे उघड होतं. म्हणून एप्रिल लागताच क्लाइव्हने आपली वाट जपायला सुरुवात केली. होडी जिथे उलटी टाकून डांबर लावायची, तिथपासून पाण्यापर्यंत गोट्यांची एक पट्टी त्याने दाताळ्याने विंचरून काढली. शेवाळ उचललं, मोठे दगड फेकले. भोवती दोरी बांधली आणि पाटी ठोकली : 'इथे पाय ठेवू नये. हुकमावरून, गॅरड.' कुत्रं फिरकलं तरी तो खिडकीतून गर्जायचा.

आता या काठावर दोरी बांधायची मागणी खरं तर हेस्टर केरिजची. हेस्टर ही माळ आणि किनारा यांची राखणदार. वसंतात माळावर गॉर्सच्या काटेरी झुडपांना पिवळी फुलं आली की हिच्या जिवाला चैन नसतं. चंडोलांनी घरटी कुठे घातली, ॲडर साप उन्हात कुठे वेटोळं घालून पडलेत, रातवा पक्ष्यांना यायला अजून किती अवकाश आहे, सगळ्यांची काळजी हीच करणार. तीन वर्षं ती सांगत होती, "मिस्टर गॅरड, किनाऱ्याचा एक तुकडा तरी पक्ष्यांसाठी दोरी लावून सोडू या. पाट्या मी लावते."

"पाट्या?" क्लाइव्ह तेव्हा सगळ्या पबला ऐकू जाईल असा हसला होता. "तुझ्या पक्ष्यांना वाचता येतं का गं पोरी?"

यंदा एप्रिलच्या अखेरीस हेस्टर दोरीपाशी येऊन उभी राहिली आणि दुर्बीण न लावताच म्हणाली, "मिस्टर गॅरड, अभिनंदन."

विंचरलेल्या पट्टीच्या बरोबर मध्यावर, होडीची नाळ जिथून घसरत जाणार तिथे, गळ्यात काळा पट्टा घातलेली चिखल्या पक्ष्याची एक मादी बसली होती. चिमूटभर पक्षीण, पण बसण्याचा थाट जमीनदारणीचा. ती उठली तेव्हा खाली चार अंडी दिसली, ठिपक्याठिपक्यांची, गोट्यांसारखीच. सबंध किनाऱ्यावर कुत्री, पोरं, बुटांची वर्दळ. तिने शांत, साफसूफ, राखणदार असलेली एकमेव जागा निवडली होती.

"हलव तिला," क्लाइव्ह म्हणाला.

"नाही हलवता येत. कायदा आहे."

"मग मी दुसरीकडून सुटतो."

"कुठून? डावीकडे चिखल. उजवीकडे माळावरून ओढायची, तर चंडोलांच्या घरट्यांवरून जाणार होडी."

क्लाइव्हने आकाशाकडे पाहिलं. वर एक चंडोल गात होता. त्या दिवशी क्लाइव्हला ते गाणं अजिबात आवडलं नाही.

घरी त्याची बायको मॉरीन तव्यावर बेकन परतत होती. ती न वळता म्हणाली, "गोट्यांसारखी दिसतात म्हणतोस ना अंडी? मग मेच्या सकाळी गोटेच समज आणि ढकल होडी. कुणाला कळणार आहे?"

क्लाइव्ह बशीकडे बघत राहिला. "तू ढकलशील?"

"मी?" मॉरीनने बेकन उलटलं. "मी नाही बाई. मी सकाळसंध्याकाळ बघते तिला खिडकीतून."

मेची सकाळ उजाडली ती निर्लज्जपणे सुंदर. दोन्ही काठांवर माणसं जमली. क्लाइव्हने नवी पँट घातली होती. होडीच्या मागच्या बाजूला दोन्ही हात टेकवून तो उभा राहिला आणि घंटा झाली. हेस्टर दोरीपाशीच उभी होती. तिने तोंडातून शब्द काढला नाही. आमच्याकडे माणसाला शरमिंदं करायची हीच रीत आहे.

होडी इंचभर सरकली. पक्षीण अंड्यांवरून उठली, एक पंख मोडल्यासारखा गोट्यांवरून फरफटत लंगडत निघाली. मला पकड, तिकडे बघू नकोस, असं सगळ्या अंगाने सांगत.

"अगं बाई," क्लाइव्ह पुटपुटला, "लंगडण्याचं सोंग कुणाला दाखवतेस? मी खरा लंगडा आहे." आणि त्याने होडीवरचे हात काढले.

मागे मार्लनेसकरांचा एक मोठा उसासा ऐकू आला.

पलीकडून ब्रेन्डा सुटली होती. वल्ही पाण्यात अशी पडत होती, जशी ती गेल्या वर्षीच्या क्लाइव्हवरच पडत असावीत. तिला लागायला जागा तीच, ती पट्टी. क्लाइव्ह गुडघाभर पाण्यात उतरला आणि दोन्ही हात पसरून ओरडला, "थांब ब्रेन्डा! पुढे येऊ नकोस! अंडी आहेत!"

"गेल्या वर्षी पाणी होतं, यंदा अंडी!" ब्रेन्डा वल्हं न थांबवता गरजली. "पुढच्या वर्षी काय, देवमासा?"

"खरंच आहेत गं!"

"तुझ्या तोंडातून 'खरंच' निघालं की मी पाकीट चाचपते, क्लाइव्ह!"

आयुष्यभर बोलून मिळवलेलं सगळं त्या क्षणी क्लाइव्हला नडलं. एरवी त्याला गप्प बसवायला लोक लागत. आज गळा फोडून खरं सांगत होता आणि दोन्ही काठ हसत होते. नाळ हातभर अंतरावर आली.

तेव्हा ती पक्षीण पाण्याच्या कडेला धावत आली. पुन्हा पंख पाडला, पुन्हा फरफटली, थेट ब्रेन्डाच्या नाळेसमोर. एवढाल्या होडीला, एवढाल्या बाईला, तो चिमूटभर जीव दुसरीकडे नेऊ बघत होता. ब्रेन्डाने मान वळवून पाहिलं आणि वल्हं तळाशी रोवलं. होडी थरथरून थांबली.

"अरे देवा," ब्रेन्डाचा आवाज पहिल्यांदाच एका काठापुरता राहिला. "हा खरं बोलतोय."

कुणी हसेना. नाळ आणि गोटे यांच्यामधे वीतभर पाणी होतं, आणि त्या वीतभर पाण्यात वर्षभराचा मान.

"टेकव," क्लाइव्ह म्हणाला. आवाज बसला होता. "त्या टोकाला, हळूच. हक्क तुझाच आहे."

"आणि अंडी?"

"टोकाला आहेत का नाहीत, हेस्टर सांगेल."

"नाही टेकवत." ब्रेन्डाने नाक ओढलं. "तुझे हात बांधलेले असताना जिंकले तर ओल्डवेलमध्ये मला कोण बिअर पाजेल? पिल्लं चालायला लागेपर्यंत फेरी दोघांची. माझी होडी. तू तुझ्या उतारूंना पाण्यातून आणून चढव. मग मिटवू आपलं, जून महिन्यात, नीट. आता चढ आत."

"मी? उतारू?"

"नवीन पँट घालून आलायस, बसून घे."

क्लाइव्ह चढला. कित्येक वर्षांनी त्याच्या हातात वल्हं नव्हतं, तेव्हा ते हात कुठे ठेवायचे हेच त्याला कळेना. मॉरीनने पाण्यात उतरून त्याच्या हातात थर्मास दिला. होडी वळली, तसा त्याला आपला काठ कित्येक वर्षांनी निवांत बघायला मिळाला : माळावर पेटलेला गॉर्स, खाली राखाडी गोटे, दोरी, पाटी आणि पाटीखाली पुन्हा ऐटीत येऊन बसलेली ती.

"पाटीवर काय लिहिलंयस?" ब्रेन्डाने विचारलं.

"इथे पाय ठेवू नये."

"तिने ठेवला की."

"तिला वाचता येत नाही," क्लाइव्ह म्हणाला आणि थर्मासचं झाकण उघडता उघडता त्याला राहवेना. "ब्रेन्डा, डावं वल्हं जरा उशिरा पडतंय हं तुझं."

"उतारूंनी गप्प बसावं."

दोन वल्ह्यांपुरतं तो गप्प बसला.