सुडीजवळ सापडलेलं चिरुटाचं थोटूक

कुठे चिरुटाचा वास आला की कामरगावकडची ती सुडी आजही माझ्या डोळ्यांसमोर नव्याने पेटते. मी पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, वर्दी ट्रंकेत गेली, पण तो वास काही गेला नाही. आणि खरं सांगतो, मला तो आवडतो. घरात हे मत मांडायची सोय नाही, म्हणून इथे मांडतो.

कापून रचलेल्या सोयाबीनच्या ढिगाला आमच्याकडे सुडी म्हणतात. एका सकाळी ठाण्यात फिर्याद आली की अशीच एक सुडी आदल्या दिवशी भरदुपारी कोणीतरी पेटवून दिली. फिर्यादी शेतकऱ्याच्या लेकीचं लग्न तोंडावर होतं. संशय कोणावर, असं मी विचारलं. बाजूला उभ्या असलेल्या धुरेशेजाऱ्याने, म्हणजे शेताच्या धुऱ्याला, बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याने, त्याच्या वतीने उत्तर दिलं.

"सायेब, हा नाही सांगनार. सख्खा भाऊ हाय ना. पन गावात चिरूट वढनारा एकच मानूस हाय, अन् थोटूक तिथंच पडेल हाय."

पंचनाम्यात थोटूक सापडलं. आखूड, जाड, करड्या राखेचं. गावात असा चिरूट ओढायचे ते फक्त फिर्यादीचे थोरले भाऊ, फौजेतून परतलेले सुभेदार. जबाब घ्यायला बसलो तर सुडीबद्दल कमी आणि चिरुटाबद्दलच जास्त ऐकायला मिळालं. किराणावाले शेठजी म्हणाले, "साहेब, व्यसन ते व्यसन. त्यात पुन्हा एवढं जाड." एक म्हातारा म्हणाला, "बिडी वढनारा मानूस चार जनायत बसते. हा आपला एकटाच धूर काढून राह्यला." माझ्या जमादाराचं मत सर्वांत पक्कं होतं. "सर, एवढा महाग जाळ तोंडात धरणारा दुसऱ्याचा माल जाळायला कशाला मागेपुढे बघेल?"

कारणही गावाला तोंडपाठ होतं. पुतणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, पाहुणे जेवायला बसले असताना सुभेदारांनी चिरूट पेटवला. धाकट्याने सगळ्यांदेखत सुनावलं, "दादा, हे चुलीतलं लाकूड बाहीर नेऊन वढा." सुभेदार उठले आणि तसेच घरी गेले. पुढच्याच आठवड्यात सुडी पेटली. यापेक्षा सरळ केस कोणती? जमादार अटकेचे कागद तयार करायला निघाला होता. मी म्हटलं, आधी घर बघू.

सुभेदार ओसरीवर पाय सोडून बसले होते. त्यांनी ना हात जोडले, ना आवाज चढवला. "तुमाले न्यायचं असन तर न्या. पन पोरीच्या लग्नाआधी सोडजा. मामा नाही तिले, पाठीशी मलेच उभं राहा लागते." बोलता बोलता त्यांनी अडकित्त्याने चिरुटाचं टोक अलगद कातरलं, सुपारीचं खांड पाडावं तसं, आणि काडी लावली. आमच्याशी बोलताना चिरूट तोंडात घालायची ही तऱ्हा जमादाराच्या डोक्यात गेली. मला मात्र मौज वाटली.

तेवढ्यात सुभेदारांच्या पत्नी, काकू, आतून आल्या. विझलेलं एक जुनं थोटूक उचलून त्यांनी परसातल्या मडक्यात टाकलं. मी विचारलं, "काकू, हे काय?"

"याचं पानी मिरचीले मारतो जी. मावा लागत नाही. हा माणूस अर्धी जिंदगी माह्या नाकाले जाळून राह्यला, तं त्याची थोटकं तरी कामी येऊ दे." मग त्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "आमच्या घरचं थोटूक वावरात जाईनच कसं? एक कमी आलं तं मी यायचा खिसा झाडतो."

मी ठाण्यात जाऊन मुद्देमाल पुन्हा काढला. थोटकाच्या ओठाकडच्या टोकावर दातांचे कुरतडलेले व्रण होते. अडकित्त्याचा स्वच्छ छेद नव्हता. म्हणजे कोणीतरी सुभेदारांचा कोरा चिरूट पळवून त्याचं थोटूक मुद्दाम तयार केलं होतं. आयतं मिळालं नाही म्हणून.

मग मी जे केलं ते कुठल्या नियमावलीत नाही. शांतता समितीच्या नावाखाली गावातल्या मंडळींना बोलावलं, ठाण्यामागच्या लिंबाखाली खुर्च्या मांडल्या आणि सुभेदारांकडूनच मागून आणलेले चिरूट पानाच्या तबकात फिरवले. "मेव्हण्याने धाडलेत. घ्या, लाजू नका."

चिरुटाचं ओठाकडचं टोक बंद असतं. ते तोडल्याशिवाय धूर येत नाही, आणि बिडीवर पोसलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं. मंडळी काड्यांवर काड्या ओढत होती, गाल आत ओढत होती. पोलीस पाटील म्हणाले, "सायेब, हे तं बंद पडेल ट्रॅक्टर झालं." सगळे हसत असताना धुरेशेजाऱ्याने चिरूट दाताखाली धरला, टोक तोडून बाजूला थुंकलं आणि मजेत झुरका घेतला.

त्याला आत बोलावलं. "आधी कधी ओढला होता?"

"ना बा. जिंदगीत नाही."

"मग टोक कायले तोडलं?"

तो म्हणाला, "त्या दिवशी धूरच निंगत नव्हता, सायेब."

पुढचं आपोआप आलं. त्याने धुरा सरकवला होता, दोघे भाऊ एकत्र येऊन सामाईक जमिनीची मोजणी मागत होते आणि भाऊ फुटले असते तर मोजणी बारगळली असती. सुभेदारांच्या ओसरीवर पत्ते खेळताना चिरूट उचलल्याचं त्याने कबूल केलं, घासलेटचा डबाही पंचांसमक्ष काढून दिला.

या केसने मला एक शिकवलं. लोकांना ज्या माणसाची सवय खुपते, त्याच्याबद्दल त्यांना पुरावा फार लागत नाही. वास आवडत नव्हता, एवढ्यावरच सगळं गाव साक्षीदार झालं होतं. पेटवणाऱ्याला कलम लागलं. विश्वास ठेवणाऱ्यांना कोणतं कलम लावणार?

आरोपीला वाशीमच्या कोर्टात हजर करून परतताना मी धाकट्याला जीपमधून भावाच्या दारात सोडलं. तो अंगणात उभा राहिला, चप्पलही काढेना. सुभेदारांनी त्याच्याकडे बघितलं, मग आत आवाज दिला.

"अवं, दोन ताटं वाढ. हा आलाय."