केरबाच्या नावावर

मळवलीच्या सविताचा राग तिच्या आधी ऑफिसात पोचायचा. लोणावळ्यातल्या त्या छोट्या कंपनीत पवनेकाठच्या तंबूंच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर बनायचं. सविता जिना चढू लागली, की माणसं उगाचच कीबोर्ड बडवू लागायची.

त्या सोमवारी मात्र राग जिन्यातही मावेना. बुकिंग रांगत होतं आणि मालक संदेशसरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, की दोष केरबाचा. तेव्हा सविताचं काम आता टीममधल्या नवख्या अमृतकडे.

केरबा म्हणजे सविताने लिहिलेला थ्रेड, प्रोग्रॅममधला एक राबता गडी. प्रोग्रॅममध्ये असे अनेक थ्रेड एकाच वेळी राबतात, आणि प्रोफायलर नावाचा मुकादम कोण किती वेळ खातो ते दाखवतो. पण वेळ दाखवतो कुणाचा? कामाला लागताना नाव सांगून हजेरी लावणाऱ्याचा. सविताने आपल्या थ्रेडला आज्याचं नाव दिलं होतं. आजा उभ्या जन्मात दुपारी आडवा झाला नव्हता.

आणि आज पडद्यावर केरबाच सगळा वेळ गिळताना दिसत होता. सविताने दात-ओठ खात सगळा कोड उपसला. अमृतने फोटो चढवायचे डझनभर थ्रेड सोडले होते आणि प्रत्येकाची हजेरी लावली होती केरबाच्या नावावर.

"ही काय सावड हाय व्हय रं?" तिने विचारलं.

अमृतला खरंच तसं वाटलं होतं. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, लोक एकमेकांच्या शेतात सावडीने, मजुरीशिवाय राबायला जातात, तेव्हा घरातलं कुणीही गेलं तरी हजेरी घरच्या थोरल्याच्या नावावर. "केरबा आपल्या टीमचा थोरला आसंल म्हनलं," तो पडेल आवाजात म्हणाला.

सविताने कीबोर्ड पुढ्यात ओढला. तिने नियमच लिहून टाकला: स्वतःचं वेगळं नाव नसेल तर थ्रेड सुटणार नाही, आणि सुटल्यावर त्याचं पहिलं काम हजेरी. अमृतच्या थ्रेडना त्याचंच नाव देऊन पुन्हा चालवलं. केरबाची बारीकशी रेघ उरली. बाकी पडदाभर 'अमृत-फोटो' पसरला होता.

संदेशसरांनी पडद्यावरचं नाव वाचलं. मग काम सविताकडेच राहील म्हणाले, तेही कुजबुजत. दोष मात्र सगळ्यांसमोर जाहीर झाला होता, म्हणून सविताने त्यांना तेच वाक्य सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणायला लावलं.

अमृतने भीतभीत विचारलं, "ताई, माज्या थ्रेडला माज्या आज्याचं नाव देऊ?"

"तुजा आजा अजून धडधाकट हाय. माज्या आज्याचं नाव घेऊन काय केलंस ते त्याला सांगून ये, मंग दे."

अमृतने गुपचूप स्वतःचंच नाव ठेवलं आणि बुकिंग पुन्हा धावावं म्हणून फोटो हलके करायला बसला.