लक्षात राहील असा शब्द

क्लातेनच्या तंत्रशाळेत संगणकांची खोली सांभाळणारी वेनिंग कुणाला उलटून बोलली असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. वय बावन्न, आवाज बारीक, चालताना चपलेचासुद्धा आवाज नाही. लोकांनी टाकून दिलेले संगणक ती उघडायची, धूळ झाडायची, दोन सुटे भाग बदलायची आणि पुन्हा चालते करायची. गावात तिची ओळख एकच होती, वेनिंग म्हणजे गरीब गाय.

लोकांना काय माहीत. या गायीने सात वर्षं एक राग पोटात जपून ठेवला होता आणि लोणच्यासारखा तो चांगला मुरला होता.

राग होता बुधेवर. बुधे म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण, सुदार्ती. आजी अकरा वर्षं अंथरुणावर होती आणि तिचं सगळं वेनिंगच्या आईने, धाकट्या सुमिराहने केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, रात्रंदिवस खाटेशेजारी चटईवर पडून राहणं. बुधे ईदला बिस्किटांचा डबा घेऊन यायची, दारातूनच "आई बरी आहे ना?" विचारायची आणि नाकाला रुमाल लावून परत जायची. आजी गेली, तिला जाऊन हजारावा दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे यासीनची, म्हणजे मृतासाठी वाचायच्या कुराणातल्या अध्यायाची, पुस्तिका छापतात. पुढच्या पानावर गेलेल्या माणसाचा फोटो, मागच्या पानावर लेकी-मुलांची नावं. जेवणाच्या डब्याबरोबर ती घरोघर जाते आणि कपाटात कुराणाशेजारी वर्षानुवर्षं राहते. बुधेने चारशे छापून घेतल्या. पहिल्याच पानावर होतं, 'शेवटच्या श्वासापर्यंत मातेची सेवा करणारी ज्येष्ठ कन्या सुदार्ती.' मागच्या यादीत नावं चार. आजीला मुलं पाच.

"छापखान्याची चूक गं," बुधे म्हणाली होती. "आता चारशे पुस्तकं चुलीत घालू का?"

"हो ताई," आई म्हणाली.

आमच्याकडे मोठ्या माणसाला नाही म्हणत नाहीत. हो म्हणायचं, मान लववायची आणि नसेल करायचं तर करायचं नाही. बुधेसुद्धा आयुष्यभर तेच करत आली. पण वेनिंगची आई हो म्हणाली आणि खरंच गप्प बसली. दोन वर्षांनी ती गेली. उशीखाली वेनिंगला ती पुस्तिका सापडली. मागच्या पानावर, चौथ्या नावाखाली, पेन्सिलीने लिहिलं होतं, '५. सुमिराह.' अक्षर शाळकरी मुलीसारखं, रेघेवर नीट बसवलेलं. त्या दिवशी वेनिंग रडली नाही. तिने ठरवलं, हे नाव बुधेकडून वसूल करायचं. कसं ते तिला ठाऊक नव्हतं.

कसं ते बुधेनेच सुचवलं.

"पोरी, पाकधेंचा हजारावा दिवस पुढच्या महिन्यात आलाय," फोनवर बुधे म्हणाली. पाकधे म्हणजे तिचे यजमान. "पुस्तिका मीच टाइप करणार, पण त्यांचा संगणक हट्टाला पेटलाय. छापखान्याने पाठवलेलं काही उघडतच नाही. म्हणतो, माझी सिस्टीम जुनी झाली. तू येऊन नवी घालून दे ना."

"हो बुधे," वेनिंग म्हणाली आणि खरंच गेली.

रविवारी सकाळी ती पोचली तेव्हा टेबलावर गोड चहा आणि तळलेली केळी मांडलेली होती. बारा वर्षांचा संगणक, त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर पाकधेंचा फोटो. वेनिंगने फोटो बाजूला ठेवला आणि पेटी उघडली.

"नवी सिस्टीम घालायची म्हणजे सगळं पुसावं लागेल, बुधे. आधी फाइली बाहेर काढून घेते."

"त्यांचे फोटो तेवढे सांभाळ. आमच्या लग्नापासूनचे सगळे स्कॅन करून ठेवलेत त्यांनी. दुसरीकडे कुठेच नाहीत, अल्बम वाळवीने खाल्ला. बाकीचं गेलं तरी चालेल."

बुधे स्वयंपाकघरात गेली. वेनिंग यंत्रासमोर एकटी उरली. चव्वेचाळीस वर्षांचा संसार तिच्या बोटाखाली होता. फोटो बाहेर न काढताच नवी सिस्टीम घातली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. जुनं यंत्र, बुधे, जळलं आतून, काय करणार. यंत्राची चूक. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. तिने अर्धा चहा प्यायला आणि विचार केला की फोटो गेले तर बुधे रडेल, शेजारणी जमतील, 'बिचारी सुदार्ती' म्हणतील. बुधेला बिचारी करायला ती आली नव्हती. तिने फोटो काढून घ्यायला सुरुवात केली.

फोटोंखालीच एक फोल्डर होतं, 'सासूबाईंची पुस्तिका.' आत दोन फाइली. पहिलीचं नाव 'बरोबर', पाकधेंनी केलेली. मागच्या पानावर पाच नावं, पाचवं सुमिराह, आणि तिच्यापुढे कंसात, 'हिने आईची सेवा केली.' दुसरी तीन दिवसांनंतरची, नाव 'शेवटची'. तिच्यात चार नावं. सोबत छापखान्याला लिहिलेली बुधेची चिठ्ठी होती: 'पाचवं नाव काढलं आहे. कृपया हीच छापावी. यजमानांना फोन करू नये.'

छापखान्याची चूक. वेनिंगचे कान तापले. एवढी वर्षं तिला संशय होता, आता कागद हातात होता. आणि पाकधे, तो बापडा माणूस, ज्याने बायकोपुढे कधी तोंड उघडलं नाही, त्याने पाच नावांची ती फाइल पुसली नव्हती. 'बरोबर' असं नाव देऊन ठेवली होती.

तिने दोन्ही फाइली घेतल्या. मग नवी सिस्टीम चढवली. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत राहिले, दोनदा यंत्र बंद होऊन सुरू झालं. बुधे मधूनमधून डोकावून "मेलं तर नाही ना गं?" विचारत होती.

"नाही बुधे. मालकाचं नाव आणि पासवर्ड मागतंय."

"पासवर्ड घालच. जावई येतो आणि सगळीकडे बोटं घालतो. पण मागचा मी तीनदा विसरले. असा शब्द घाल, की मेले तरी विसरणार नाही."

"हो बुधे," वेनिंग म्हणाली. तिची बोटं जराही अडखळली नाहीत.

फोटो परत भरले, छापखान्याची फाइल उघडून पाहिली, यंत्र बंद केलं आणि खुर्ची बुधेपुढे सरकवली.

"आता तुम्ही चालू करून बघा."

बुधेने चष्मा लावला. पडद्यावर चौकट आली. "काय टाकू?"

"आईचं नाव."

"माझ्या आईचं?"

"माझ्या."

स्वयंपाकघरात तेल चरचरत होतं. बुधेने तोंड वळवून पाहिलं नाही. "हा काय चावटपणा?"

"तुम्हीच म्हणालात ना, मेले तरी विसरणार नाही असा शब्द घाल."

"बदल तो. आत्ताच्या आत्ता."

"हो बुधे. बदलता येतो. पण बदलायच्या आधी एकदा जुना टाकावा लागतो. तुमचं यंत्र, तुम्हीच टाका."

"तू टाक."

"माझे हात तेलकट झालेत," वेनिंग म्हणाली. केळ्याला तिने बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि ते बुधेला दिसत होतं.

शाळेच्या कचेरीत तीस वर्षं टायपिंग केलेली बाई ती. तिची बोटं कळांवर कधी चाचपडत नसत. आज ती एका बोटाने टाइप करत होती, एकेक अक्षर, आणि प्रत्येक अक्षरानंतर थांबत होती. वेनिंग मागे उभी राहून मोजत होती. रोमन लिपीतली सात अक्षरं. तिला गोड वाटत होतं, फार गोड.

यंत्र उघडलं. पडद्यावर पाकधे आणि बुधे लग्नाच्या पोशाखात बसले होते. त्यांच्या खाली दोनच फाइली, शेजारी शेजारी. 'बरोबर.' 'शेवटची.'

बुधेने त्या वाचल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पान पुरत नव्हतं," ती म्हणाली.

"हो बुधे."

"खरंच पुरत नव्हतं गं."

"हो बुधे." वेनिंगने पिशवी उचलली, रीतीप्रमाणे वाकून बुधेचा हात कपाळाला लावला आणि निघाली. पासवर्ड कसा बदलायचा हे बुधेने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

महिन्याने पाकधेंच्या हजाराव्या दिवसाचा डबा घरी आला. भात, कोंबडी, शेवया आणि वर पुस्तिका. वेनिंगने ती उभ्या उभ्याच मागून उघडली. बुधेच्या माहेरच्यांच्या यादीत पाच नावं होती. पाचवं, 'दिवंगत' सारखं काही न लिहिता, साधं, सुमिराह. पुढे कंसात, 'हिने आईची सेवा केली.' पाकधेंचेच शब्द, जसेच्या तसे उचललेले. वेनिंगने आईची जुनी पुस्तिका काढली आणि दोन्ही पानं शेजारी ठेवली. छापलेलं नाव पेन्सिलीच्या नावापेक्षा बारीक होतं.

दुपारी फोन आला.

"मिळाली पुस्तिका?" बुधेचा आवाज थकलेला होता. "साडेतीनशे काढल्यात. सगळीकडे गेल्या. झालं ना तुझ्या मनासारखं?"

"हो बुधे."

"मग आता ये आणि तो शब्द काढून दे. रोज सकाळी त्यांचे फोटो बघायला बसते. रोज आधी तिला हाक मारावी लागते मला."

वेनिंगने समोरच्या दोन पुस्तिकांकडे पाहिलं. आजीच्या त्या चारशे अजून चारशे कपाटांत होत्या, चार नावांच्या.

"हो बुधे," ती म्हणाली. "येते."

आणि ती गेली नाही.